हलका कॅमेरा, लांबचा पक्षी

भिगवणजवळच्या कुंभारगावात हिवाळ्यात उजेड फुटायच्या आत गाड्या लागलेल्या असतात. पुण्याहून अंधारात निघालेली मंडळी चहा घेऊन उजनी धरणाच्या फुगवट्याशी येतात आणि सामान उतरवायला लागतात. ट्रायपॉडची लांबट पिशवी, लेन्सची पाठपिशवी, होडीच्या काठावर ठेवायची बीन बॅग, पाणी, खाऊ. होडीवाला तरुण एकेक पिशवी हातात घेताना वजनाचा अंदाज घेतो आणि त्याप्रमाणे माणसांना बसवतो. "सर, तुमी मधी बसा. मोठी लेन्स एका अंगाला नको, होडी कलती." पाणी उथळ असतं, बऱ्याच ठिकाणी होडी बांबूनं रेटावी लागते. कुणाचं सामान जास्त आहे ते त्याच्या दंडांना आधी कळतं. अलीकडे ओझी कमी होत चालली आहेत, असं तो सांगतो. "आदी माणसामागं दोन पिशव्या असायच्या. आता काय जण नुसतं गळ्यात अडकवून येत्यात."

त्याचं निरीक्षण खरं आहे. गेल्या सात-आठ वर्षांत पक्षीछायाचित्रणाच्या सामानात मोठा बदल झाला आणि त्याचा सगळ्यांत ठळक परिणाम वजनावर झाला. मात्र बाजारात 'हलकं' म्हणून जे विकलं जातं, ते सगळं हलकं नसतं. जे खरोखर हलकं असतं, ते सगळ्यांच्या कामाचं नसतं. लाखालाखाचे व्यवहार मंडळी मित्राच्या सांगण्यावरून करून मोकळी होतात, म्हणून हा विषय जरा सविस्तर मांडायचा आहे.

सुरुवात जुन्या वजनापासून करू. कॅननची ६०० मिलिमीटर एफ/४ ही लेन्स १९९९ साली स्थिरीकरणासह आली, तेव्हा तिचं वजन ५ किलो ३६० ग्रॅम होतं. पक्ष्यांचे उत्तम फोटो म्हणजे ही लेन्स, असं तेव्हा समीकरण होतं. तिच्यामागे दीड किलोची बॉडी, खाली भक्कम ट्रायपॉड, त्यावर गिंबल हेड. सगळं मिळून दहा किलोंच्या घरात जायचं. पुढच्या पिढीत तीच लेन्स ३ किलो ९२० ग्रॅमवर आली आणि २०१८ साली ३ किलो ५० ग्रॅमवर. सोनीनं २०१९ मध्ये आणलेली ६०० एफ/४ तिच्याहून दहा ग्रॅमनं हलकी, ३ किलो ४० ग्रॅम. म्हणजे वीस वर्षांत तीच लांबी, तेवढाच उजेड आणि वजन जवळपास सव्वादोन किलोंनी कमी. फ्लोराइटची भिंगं, मॅग्नेशियमचं कवच आणि जड भिंगं पुढून मागे सरकवण्याची रचना यांमुळे हे जमलं. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे. पुढच्या टोकाला जड असलेली लेन्स काट्यावर कितीही दाखवो, हातात धरल्यावर मनगट आणि खांदा ओढत राहते.

पण तीन किलो म्हणजेही तीन किलोच. किंमतही दहा लाखांच्या पुढे. याहून खाली उतरायचं तर काहीतरी सोडावं लागतं. काय सोडायचं हे कळण्यासाठी एक सोपा भागाकार पुरतो.

लेन्सच्या लांबीला तिच्या एफ-आकड्यानं भागायचं. उत्तर येतं तो, ढोबळमानानं, पुढच्या काचेचा किमान व्यास. ६०० ला ४ नं भागलं की १५० मिलिमीटर, म्हणजे मोठ्या थाळीपिठाएवढी काच. ६०० ला ६.३ नं भागलं की साधारण ९५. ३०० ला ४ नं भागलं की ७५. काच रुंद झाली की जाडही होते, म्हणून व्यास दुप्पट झाला तर वजन दुपटीच्या कितीतरी पुढे जातं. लांब लेन्सचं वजन ठरतं ते मुख्यतः या व्यासावर. सेन्सर केवढा, बॉडी कुठल्या कंपनीची, या गोष्टी नंतर येतात. दुकानात नेमक्या या नंतरच्या गोष्टींवरच बोलणं चालतं.

तेव्हा वजन उतरवण्याचा पहिला रस्ता व्यास कमी करण्याचा. मग इतकी वर्षं कमी व्यासाच्या लांब लेन्स फारशा कुणी का बनवल्या नाहीत? कारण आरशाच्या कॅमेऱ्यात दडलेलं होतं. डीएसएलआरमध्ये फोकस साधणारा भाग वेगळा, आरशाच्या खाली बसवलेला असतो आणि त्याला ठरावीक उजेड लागतो. बहुतेक बॉडींमध्ये एफ/५.६ पर्यंत फोकस नीट चालायचा, चांगल्या बॉडींमध्ये मधल्या बिंदूवर एफ/८ पर्यंत. त्यापलीकडे लेन्स चाचपडत बसायची. मिररलेस कॅमेऱ्यात फोकस थेट सेन्सरवरच साधला जातो, त्यामुळे ही अट सुटली. २०२० साली कॅनननं ६०० आणि ८०० मिलिमीटरच्या दोन एफ/११ लेन्स काढल्या, त्या यामुळेच. वजनं अनुक्रमे ९३० आणि १२६० ग्रॅम. ८०० मिलिमीटरची लेन्स सव्वा किलोत, ही गोष्ट त्याआधी कुणी बोललं असतं तर खरी वाटली नसती.

दुसरा रस्ता काच पातळ करण्याचा. ऑगस्टिन फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञानं दीपगृहासाठी कंगोऱ्यांचं पातळ भिंग केलं आणि १८२३ साली ते कोर्दुआँच्या दीपगृहात बसलं. जाड भिंगाचं काम पातळ, वर्तुळाकार खाचांनी करून घ्यायचं, ही कल्पना. तिच्या जवळ जाणारं, प्रकाशाच्या विवर्तनावर चालणारं तंत्र कॅनननं २००१ मध्ये ४०० मिलिमीटरच्या लेन्समध्ये वापरलं. निकॉननं २०१५ मध्ये ३०० एफ/४ आणि २०१८ मध्ये ५०० एफ/५.६ त्याच वाटेनं काढल्या. ५०० ची ती लेन्स १४६० ग्रॅमची. २०२३ मध्ये निकॉनचीच ६०० एफ/६.३ आली, ट्रायपॉडला जोडायचा पाय धरून १४७० ग्रॅम. तंत्राची एक खोट आहे. समोरून तीव्र उजेड आला, पाण्यावरची सूर्याची तिरीप फ्रेममध्ये आली, की उजळ ठिपक्यांभोवती रंगीत कडी उमटतात. उन्हाकडे पाठ करून काम करणाऱ्याला ती क्वचित दिसते. उजनीवर सकाळी प्रतिबिंबात उभे रोहित टिपणाऱ्याला ती दिसणार.

तिसरा रस्ता छोट्या सेन्सरचा आणि सगळ्यांत जास्त गैरसमज इथेच आहेत. ऑलिंपस आणि पॅनासॉनिक यांनी २००८ मध्ये मायक्रो फोर थर्ड्स ही पद्धत आणली. सेन्सर १७.३ बाय १३ मिलिमीटर, म्हणजे फुलफ्रेमच्या निम्म्या लांबीचा. त्यामुळे ३०० ची लेन्स फुलफ्रेमवरच्या ६०० एवढा पक्षी मोठा दाखवते. ऑलिंपसचा कॅमेरा व्यवसाय २०२१ पासून ओएम डिजिटल सोल्युशन्स या कंपनीकडे आहे. त्यांची ओएम-१ बॉडी बॅटरी-कार्डासह ५९९ ग्रॅमची. या पद्धतीचे चाहते सांगतात, आमचं सामान निम्म्या वजनाचं.

आता दोन आकडे शेजारी ठेवा. ऑलिंपसची ३०० एफ/४ पाय धरून १४७५ ग्रॅम. निकॉनची ६०० एफ/६.३ पाय धरून १४७० ग्रॅम. दोन्हींत पक्षी सारखाच मोठा दिसतो, वजन सारखं आणि सेन्सरवर एकूण उजेड मात्र निकॉनच्या बाजूला अधिक, कारण व्यास ७५ ऐवजी ९५. छोट्या सेन्सरवरची एफ/४ उजेडाच्या एकूण हिशेबात फुलफ्रेमच्या एफ/८ सारखी वागते. शटर स्पीड एफ/४ चाच मिळतो, पण अंधारात दाणे, ज्याला आपण सगळे नॉइज म्हणतो, ते दोन स्टॉपनं (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) जास्त येतात. तेव्हा 'छोटा सेन्सर म्हणजे हलकं सामान' हे वाक्य अर्धंच खरं. बॉडीत तीनएकशे ग्रॅम वाचतात, किमतीत बरंच वाचतं, पण लेन्सचं वजन काचेनं ठरवलेलं असतं, तिथे कुणालाच सूट नाही.

याचा अर्थ ती पद्धत वाईट, असा नाही. ती कुठे सरस ठरते हे कोकणात कळतं.

जून-जुलैमध्ये रायगड-रत्नागिरीच्या जंगलात तिबोटी खंड्या येतो. कर्नाळ्यात, चिपळूणच्या आसपास, संगमेश्वराकडे. मूठभर पक्षी, निळा, जांभळा, केशरी, आणि चोच शेंदरी. त्याच्यासाठी जायचं तर पाऊस, चिखल, जळवा आणि वर झाडांचं छप्पर असल्यामुळे दुपारी बारालाही संध्याकाळसारखा उजेड. तिथे लोकांना घेऊन जाणाऱ्या एका वाटाड्यानं सामानाबद्दल विचारल्यावर आधी पायवाटच दाखवली. "दादा, इथं ट्रायपॉड मांडणार कुठं? आणि मांडलात तर मागच्यानं जायचं कुठून?" वाट हातभर रुंद, एका अंगाला वहाळ. ट्रायपॉड उभा राहिला की तो पक्ष्याच्या बसण्याच्या जागेजवळ गर्दी करतो आणि लोक तिथे ठाण मांडतात, ही त्याची खरी तक्रार होती. हातात धरून चार फोटो काढून मागे सरकणारा माणूस त्याला बरा वाटतो.

अशा ठिकाणी ओएम-१ ला धूळ-पाण्यापासून बचावाचं आयपी५३ मानांकन आहे ही गोष्ट मोलाची. ३०० एफ/४ तिला शोभेल अशीच बंदिस्त. शिवाय ती १.४ मीटरवरही फोकस होते, म्हणजे त्याच वाटेवरचा बेडूक, चतुर, कुड्याच्या फुलावरचं फुलपाखरू त्याच लेन्सनं मिळतं. निकॉनच्या ६०० ला चार मीटर मागे यावं लागतं, कॅननच्या ८०० एफ/११ ला सहा मीटर. त्या ८०० ला पाण्यापासून बंदिस्तपणाही नाही आणि तिच्यावर फोकस फ्रेमच्या मधल्या भागातच चालतो. एफ/४ आणि एफ/११ मध्ये तीन स्टॉपचं अंतर आहे. फुलफ्रेमवर एफ/४ नं आयएसओ १६०० वर जो फोटो मिळतो, तो एफ/६.३ वर ४००० ला आणि एफ/११ वर १२८०० ला. भर पावसातल्या जंगलात हे आकडे आणखी वर जातात. एफ/११ ची लेन्स तिथे घेऊन जाऊ नये. उजनीच्या उघड्या माळावर, नांदूर मधमेश्वरला चापडगावच्या बाजूला, हिवाळ्याच्या स्वच्छ उन्हात मात्र ती चोख काम देते.

नॉइजच्या बाबतीत एक गोष्ट बदलली आहे आणि तिचा हिशेब न धरता जुनेच सल्ले फिरत असतात. डीएक्सओचं प्युअररॉ २०२१ मध्ये आणि अडोबीचं डिनॉइज २०२३ मध्ये आल्यापासून उंच आयएसओचा फोटो स्वच्छ करणं घरच्या संगणकावर शक्य झालं. दीड-दोन स्टॉपची भरपाई होते, असं माझं मत आहे. पण त्यासाठी रॉ फाइल हवी आणि पिसांचा तपशील मुळात टिपलेला हवा. हललेला फोटो कुठलंच सॉफ्टवेअर जाग्यावर आणत नाही.

वजनाइतकाच दुसरा प्रश्न अंतराचा. ६०० मिलिमीटरनं वीस मीटरवर फ्रेमची रुंदी १.२ मीटर येते. तिथे तारेवर बसलेला वेडा राघू शेपटीच्या सुया वगळून फ्रेमच्या सातव्या-आठव्या भागात मावतो. दहा मीटरवर तोच दुप्पट दिसतो. हे दहा मीटर कमी करायला लेन्स लागत नाही, बसून राहावं लागतं. वेडा राघू आपल्या ठरलेल्या काटकीवर पुन्हा पुन्हा येतो, माशी पकडून परत तिथेच. खंड्याचं तसंच, नाचणाचं तसंच. त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर झुडपाच्या सावलीत जमिनीवर मांडी घालून बसलं की पक्षी आपणहून अंतर कमी करतो. हलकं सामान असलेला माणूस अशी जागा सहज बदलू शकतो. पाच किलोंचं ठाणं मांडलेला माणूस पक्ष्यानं इकडे यावं म्हणून वाट पाहतो आणि तो आला नाही की आवाज वाजवायला लागतो. मोबाइलवर पक्ष्याची साद वाजवून त्याला बोलावण्याची सवय हाईडमध्ये, म्हणजे लपून फोटो काढायच्या आडोशांत, फार वाढली आहे. विणीच्या काळात ती पक्ष्याच्या जिवावर उठते.

शिवाय ऊन तापलं की पाण्यावरची, नांगरटीवरची हवा थरथरू लागते. उजनीवर दहा-साडेदहानंतर शंभर मीटरवरचे पट्टकादंब कुठल्याही लेन्सनं धूसरच येतात. १२०० मिलिमीटर लावले तर ती थरथर आणखी मोठी दिसते. हे माहीत नसल्यामुळे अनेक जण चांगल्या लेन्स दुरुस्तीला पाठवतात.

सांगलीच्या एक निवृत्त शिक्षिका भिगवणलाच भेटल्या. त्यांच्याकडे निकॉनची डी५०० आणि २००-५०० ही लेन्स होती, आपल्याकडे ही जोडी पक्षी टिपणाऱ्यांच्या घराघरांत पोहोचली होती. बॉडी ८६० ग्रॅम, लेन्स पाय धरून २३०० ग्रॅम, मिळून ३ किलो १६०. उजवा खांदा आखडला, डॉक्टरांनी हात वर धरून वजन उचलायला मना केलं. आता बाईंच्या हातात कॅननची आर७ आणि १००-४०० ची छोटी लेन्स आहे. ६१२ अधिक ६३५, एकूण १२४७ ग्रॅम. आर७ च्या सेन्सरमुळे ४०० मिलिमीटर ६४० सारखे वागतात. "फोटो आधीपेक्षा चांगले येतात असं नाही म्हणणार मी," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी साडेपाचनंतर ही लेन्स आंधळी होते. घुबड, रातवा यांचं नावच नको. पण दुर्बीण पुन्हा गळ्यात आली. मधली तीन वर्षं मी ती घरी ठेवून यायचे, कारण दोन्ही पेलवत नव्हतं."

मला या विषयात सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते हेच. दुर्बीण ६०० ते ८०० ग्रॅमची, पाण्याची बाटली किलोची, पुस्तक, डबा, रेनकोट. सामान निवडताना हे वजन आधी धरायला हवं. जो कॅमेरा दुर्बीण घरी ठेवायला लावतो, तो पक्षी बघणाऱ्यासाठी जड आहे, मग काटा काहीही दाखवो. दुर्बिणीशिवाय निघालेला माणूस फोटोच्या टप्प्यात येणारेच पक्षी बघतो. आभाळात उंच घिरट्या घालणारी मोरघार, पाणथळीच्या पल्याड गवतात उतरलेला दलदली भोवत्या त्याच्या नजरेतून सुटतात. त्यातून नोंदी खुंटतात आणि पक्षीनिरीक्षणाचं खरं धन नोंदींत आहे.

या हिशेबानं माझी स्वतःची पसंती सांगतो. वीस-पंचवीस ते चाळिशीतला, उडते पक्षी टिपायची हौस असलेला आणि चार लाखांपुढे जाऊ शकणारा माणूस निकॉनच्या ६०० एफ/६.३ कडे बघू दे, लहान लेन्समध्ये तिच्या तोडीचं आज काही नाही. झूमची सवय असलेल्यांसाठी कॅननची १००-५००, पायाशिवाय १३६५ ग्रॅम, ही माझ्या मते सगळ्यांत शहाणी लेन्स आहे. बंदिस्त आहे, जवळ ९० सेंटिमीटरवर फोकस होते, प्रवासात आखडून छोटी होते. विमानात हातातल्या सामानाला साधारण सात किलोंची मर्यादा असते, तिच्यात ही सहज बसते. सोनीची २००-६०० चित्राला उत्तम आहे, पण पायाशिवाय २११५ ग्रॅम. तिला हलकी म्हणू नये. पावसात, घाटात, कोकणात, गोव्यात मोलेच्या जंगलात फिरणाऱ्यांनी ओएमचा विचार जरूर करावा, मात्र आपल्या शहरात दुरुस्तीची सोय आहे का ते आधी विचारून. आणि ज्यांना नोंदीपुरता फोटो हवा, 'हा तुतवार की हिरवी तुतारी' एवढं घरी जाऊन ठरवायचं आहे, त्यांनी निकॉनचा पी९५० सारखा एकसंध कॅमेरा घ्यावा. किलोभर वजन आणि २००० मिलिमीटरइतकी झेप. सेन्सर नखाएवढा असल्यामुळे मळभ आलं की चित्र चिकट होतं, उडता पक्षी सापडत नाही, पण काठावर बसलेल्या पाणपक्ष्याच्या पायांचा रंग स्पष्ट कळतो. अशा कॅमेऱ्याला नाकं मुरडणारे लोक मला पटत नाहीत.

आर७ घेणाऱ्यांना एक सूचना. तिच्या आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये वेगानं हलणारे पंख वाकडे उमटतात, कारण सेन्सर ओळीओळीनं वाचला जातो. उडत्या पक्ष्याला यांत्रिक शटर ठेवावं.

विकत घ्यायच्या आधी भाड्यानं घ्या. पुण्या-मुंबईत दिवसाच्या भाड्यानं लेन्स मिळतात, अनामत भरावी लागते. दुकानातल्या काउंटरवर लेन्स उचलून बघण्याला अर्थ नाही, तिथे कुठलीही लेन्स हलकी लागते. ती घेऊन सकाळभर चाला आणि साडेदहाला डोळ्याशी धरून दोन मिनिटं तशीच ठेवा. हात थरथरला तर उत्तर मिळालं. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात अडकवू नका, खांद्यावरून आडवा घ्या आणि लेन्सच्या पायाला जोडा, म्हणजे मानेवर आणि बॉडीच्या माउंटवर ताण येत नाही. जुनी लेन्स घ्यायला मुंबईला फोर्टातल्या बोरा बाजारात जाणार असाल तर टॉर्च घेऊन जा. मागच्या बाजूनं उजेड टाकून आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसतात का बघा. ती बुरशी. आपल्या दमट हवेत ती एका पावसाळ्यात धरते आणि काचेचा थर खाते.

याच कारणासाठी एक विनंती. हलकं सामान घेतलेल्या अनेकांच्या कपाटात जुनी २००-५००, १५०-६००, ४०० एफ/५.६ तशीच पडून आहे. विकताना मनासारखी किंमत येत नाही म्हणून ती ठेवली जाते आणि दोन पावसाळ्यांत निकामी होते. आपल्या तालुक्यातलं एखादं निसर्गमंडळ, महाविद्यालयाचा प्राणिशास्त्र विभाग, नोंदी ठेवणारा एखादा होतकरू विद्यार्थी शोधा आणि ती त्यांच्या हाती द्या. विशीतल्या खांद्यांना तीन किलो जड नसतात. थंडीचे पाहुणे यायच्या आत ती द्या.